सांबार म्हणजे काय?

एप्रिल लागला की आमच्या सक्करदऱ्यात घरोघरी कूलर निघतात. जिन्याखालून, माळ्यावरून, पलंगामागून. यंदा आमचाही निघाला. गेल्या वर्षीच्या ताट्या काढल्या तर त्यांच्यावर खाऱ्या पाण्याची पांढरी खपली बसलेली. त्या फेकल्या, खसच्या नव्या ताट्या बसवल्या, पंपाला दोन थापट्या मारल्या तेव्हा कुठे तो चालू झाला. मग पाणी झिरपायला लागलं आणि तो वास सुटला. ओल्या खसचा. अख्ख्या नागपूरला या वासाचं भारी कौतुक. उन्हाळ्याला कितीही शिव्या दिल्या तरी पहिल्या दिवशी कूलरसमोर उभं राहून माणूस 'अहाहा' म्हणतोच. मी म्हटलं नाही. कारण नेमकी त्याच वेळी टीव्हीवर प्रश्नोत्तरांच्या त्या कार्यक्रमाची जाहिरात लागली. 'यंदा पुन्हा एकदा विदर्भात! तुमची माती, तुमची बोली, तुमचा खेळ!' तोच सूत्रसंचालक, तोच चकचकीत कोट, तेच दात.

आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, समोरच पेपर वाचत बसले होते. त्यांनी रिमोट उचलला नाही. उठले, कूलरचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि परत येऊन बसले. कूलर असा घरघरायला लागला की जाहिरातीतलं काही ऐकू येईना, नुसते ओठ हलताना दिसत होते.  

पूर्वी हा मोसम आमच्या घरात वेगळा असायचा. उन्हाळा म्हणजे परीक्षा, आणि परीक्षा म्हणजे मास्तरांचा रुबाब. शिकवायचे मराठी, पण चार गावांत नाव होतं ते कॉपी पकडणारे मास्तर म्हणून. होळी आटोपली की डोक्याला दुपट्टा गुंडाळून, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा टाकून ते सकाळीच निघायचे. कुठकुठल्या केंद्रांवर त्यांची ड्युटी लागायची. तिथे शाळेच्या भिंतींवर पोट्ट्यांचे काका-मामा चढलेले, आणि खिडकीतून दगडाला बांधलेल्या चिठ्ठ्या आत येऊन राहिलेल्या. एकदा एका मामाची चिठ्ठी नेमकी मास्तरांच्या टाळक्यात बसली. त्यांनी ती उघडली, लाल पेनानं शुद्धलेखन तपासलं आणि खिडकीतून मामाला परत दिली. "घ्या, आता तुम्हीच बसा पेपरले." हा किस्सा ते दर उन्हाळ्यात सांगायचे आणि दर उन्हाळ्यात मी नव्यानं हसायची.

पण हसण्यावारी न्यायचा माणूस तो नव्हता. चिठ्ठी वापरली का, हे त्यांनी कधी कोणाला विचारलं नाही. चिठ्ठी होती का, एवढंच विचारायचे. होती म्हटलं की पेपर काढून घ्यायचा, बाहेर. एका वर्षी अशीच एक पोट्टी सापडली. कंपासपेटीत चिठ्ठी होती, पण त्यातलं अक्षरही पेपरात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिची आई आमच्या घरी आली. आत या म्हटलं तरी आत येईना, दारातच बसली. मी पाणी दिलं तर गडू हातात धरून ठेवला, प्यायली नाही.

"मास्तर, तिनं लिहिलं ते सारं आपल्या डोक्यातलंच ना जी?"

"मले माहीत आहे बाई," मास्तर म्हणाले. "तिले येत होतं. पण आता ते कोणाले सांगणार?"

ती बाई गेल्यावर मी त्यांच्याशी कडाकडा भांडले. म्हटलं, दगड आहात दगड. पोरीचं वर्ष गेलं. ते शांतपणे आंघोळीला गेले. या माणसाच्या शांतपणाचा मला जितका राग आला आहे तितका त्याच्या ओरडण्याचाही कधी आला नाही.

त्यांचंही खरं होतं म्हणा. त्यांच्या आजोबांनी छप्पनच्या दसऱ्याला दीक्षा घेतली, वडील कापडगिरणीत राबले, आणि या घरातला पहिला माणूस शिकून मास्तर झाला तो हा. जयंतीच्या दिवशी वस्तीतल्या पोट्ट्यांना जमवून ते एकच सांगायचे. "आपल्याले कोणी काही देल्लं नाही. मार्क मात्र आपले आहेत. त्याले हात लावू देऊ नका कोणाले, आन् आपणही लावू नका." बाहेर ढोलताशे, निळा गुलाल, सरबताचे ड्रम, आणि आमच्या अंगणात हे असं कडू भाषण. पोट्टे ऐकायचे आणि सरबत प्यायला पळायचे.

दुसरं त्यांचं वेड म्हणजे आपली बोली. वर्गात कोणी 'मले' म्हटलं आणि दुसरा हसला की हसणाऱ्याला उभं करायचे. दरवर्षी आठवीचा नवा वर्ग आला की पहिल्या तासाला ते घरून एक जुडी घेऊन जायचे. मीच निवडून, पाणी झटकून द्यायची. ती टेबलावर ठेवून विचारायचे, "हे काय?" वर्ग एका सुरात ओरडायचा, "सांबार!" मग, "पुस्तकात याले काय म्हणतात?" "कोथिंबीर!" "बरोबर कोणतं?"  पोट्टे एकमेकांची तोंडं पाहायचे. मास्तर जुडी उचलून हुंगायचे आणि म्हणायचे, "वास बदलला का? मंग दोन्ही बरोबर." त्या दिवशी संध्याकाळी तो चुरगळलेला सांबार घरी परत यायचा आणि आमच्याकडे वांग्याच्या भाजीवर पडायचा. नागपुरात असे हजारो लोक असतील ज्यांना तो तास आठवतो. डॉक्टर झाले, ऑटो चालवतात, पोलिसांत आहेत, पण सांबार मास्तरांचा तास म्हटला की हसतात. तेव्हा त्या हसण्यात काही खोट नव्हती.

मग तो उन्हाळा आला. चॅनलवाले विदर्भ विशेष म्हणून नागपुरात आले, चाचण्या घेतल्या, आणि मास्तरांची निवड झाली. त्यांना टीव्हीवर यायची हौस नव्हती, पण प्रश्नांची होती. रोज संध्याकाळी तो कार्यक्रम बघताना समोरच्यानं तोंड उघडायच्या आत हे उत्तर द्यायचे, आणि बरोबर निघालं की माझ्याकडे असे बघायचे की जणू मीच परीक्षक. वस्तीत पेढे वाटले गेले. शाळेनं फळ्यावर अभिनंदन लिहिलं. मी त्यांचा पांढरा शर्ट दोनदा इस्त्री केला.

शूटिंग होतं उमरेड रोडवरच्या एका लग्नाच्या लॉनमध्ये. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते जाळणारे नऊ दिवस, चालू होता. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं, डांबर चपलेला चिकटत होतं. मंडपात चारी बाजूंनी दाराएवढे कूलर लावलेले, त्यामुळे आत बरं होतं. पण दर थोड्या वेळानं कोणी तरी "साउंड!" म्हणून ओरडायचं आणि सगळे कूलर एकदम बंद व्हायचे. त्यांच्या घरघरीत आवाज नीट येत नाही म्हणे. कूलर बंद झाले की जी शांतता व्हायची ना, ती मला अजून कानात ऐकू येते. आधी थंड हवा जायची, मग वास जायचा, मग घामाची पहिली धार पाठीवरून उतरायची. सूत्रसंचालकाला दोन माणसं हातपंख्यानं वारा घालायची. स्पर्धक आपले तसेच बसून राहायचे.

मेकअपच्या खोलीत मी मास्तरांजवळ कोरडा शर्ट घेऊन उभी होते. तिथे एक बाई होती, कानाला हेडफोन, गळ्यात ओळखपत्र, पस्तिशीची असेल. बोलायला गोड. स्पर्धकांची सगळी जबाबदारी तिच्याकडे. तिनं मास्तरांना लिंबूसरबत दिलं, कॉलर सरळ केली आणि खुर्चीजवळ वाकून म्हणाली, "काका, तुमच्या राउंडला बोलीभाषेचा एक प्रश्न येईल. विदर्भात सांबार म्हणजे काय? उत्तर आहे कोथिंबीर. लक्षात राहील ना? लगेच सांगू नका हं. थोडा विचार करा, मग काकूंकडे बघून हसा, आणि मग सांगा. खूप छान दिसतं ते."

मी हसले. खरंच खदाखदा हसले. म्हटलं, "अवं ताई, हे तं आमच्या शेंबड्या पोट्ट्यालेही येते. हे काय सांगून राहिली तुम्ही त्यायले?" तिलाही हसू आलं. तिला बिचारीला वाटत होतं, ती आम्हाला मोठं गुपित देते आहे. तिच्या गावी इडलीसोबत वाढतात ते सांबार, त्यामुळे हा तिला सगळ्यात अवघड प्रश्न वाटला असणार. नागपूरच्या माणसाला तिनं काय सांगावं, तर सांबार म्हणजे काय! आणि पुढच्या खुर्चीवर गांधीबागेतला एक कापडदुकानदार बसला होता, त्याच्या कानाशी ती वाकली. त्यानं मान डोलावली.

मी मास्तरांकडे पाहिलं तर ते हसत नव्हते. सरबताचा पेला तसाच होता.

"हिनं हे मले काहून सांगतलं?"

"सांगतलं तं सांगतलं," मी म्हटलं. "तुम्हाले येतच होतं ना?"

"येत होतं," ते म्हणाले. "आता ते तिनं सांगतलेलं झालं."

मला तेव्हा कळलं नाही ते काय म्हणून राहिले. मी शर्टाची घडी सारखी करत होते. आता रोज कळतं.

प्रश्न आला. मी प्रेक्षकांत तिसऱ्या रांगेत होते. सूत्रसंचालकानं भुवया उंचावून, पार सिनेमातल्यासारखं थांबत थांबत विचारलं, "सांगा सर, विदर्भाच्या बोलीत सांबार म्हणजे काय?" प्रेक्षकांत खसखस पिकली. सगळे इथलेच, सगळ्यांना येत होतं. मास्तरांनी हात वर केला. वर्गात पोट्टे करतात तसा.

"थांबा," ते म्हणाले. "हा प्रश्न मले मगाशी मेकअपच्या खोलीत सांगून झाला आहे. उत्तरासहित. तुमचा पेपर फुटलेला आहे. हा रद्द करा."

"कट!" झालं. कूलर पुन्हा चालू झाले, त्या आवाजात कोण काय बोलतंय ते कळेना. काळा टी-शर्ट घातलेला त्यांचा दिग्दर्शक आला. हेडफोनवालीचा चेहरा पांढरा पडला होता. मी उठून पुढे गेले. दिग्दर्शक अगदी समजूत घालत होता, "काका, दुसरा प्रश्न देतो तुम्हाला. विषय संपला."

"मले दुसरा नोको. बाकीच्यायले काय सांगतलं ते विचारा आधी." मास्तर बाकीच्या स्पर्धकांकडे वळले. "बोला ना. तुम्हालेही सांगतलं ना जी?"

 गांधीबागवाला सदऱ्याच्या बटणाशी खेळत होता. एक बाई म्हणाली, "सर, कायले ताणून राहिले? पोट्टी घरी वाट पाहून राहिली माही." तेवढंच. सगळे मूग गिळून बसले.

दिग्दर्शकाचा आवाज बदलला. "काका, हा शो आहे. बोर्डाची परीक्षा नाही ही."

"मंग मार्क कशाचे देता?" मास्तरांनी विचारलं.

 आम्हाला बाजूला नेलं, तुमचा भाग दाखवणार नाही म्हणून सांगितलं, आणि निघताना प्रायोजकांची एक टोपली हातात दिली. मसाल्यांची पाकिटं होती त्यात. धनेपूड पण होती.

खरं सांगते, त्या दिवशी मी फुलून गेले होते. स्कूटरवर मागे बसून त्यांच्या पाठीला गाल लावावासा वाटत होता. लू अशी वाहत होती की डोळे उघडवत नव्हते, टोपली मांडीवर, आणि हा माणूस चक्क गुणगुणत होता. रस्त्यात थांबून आम्ही उसाचा रस प्यायलो. "झालं," ते म्हणाले, "आपण आपलं काम केलं." इतकं खूश मी त्यांना आमच्या पोरीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

जून अर्धा गेला तरी कूलर चालूच होते, तेव्हा तो भाग लागला. आम्हाला वाटलं होतं, ह्यांना वगळलं असेल. पण वस्तीतले पोट्टे धावत आले, जाहिरातीत मास्तर दिसले म्हणून. मग काय, सारी आळी आमच्या खोलीत. माझा भाऊ खापरखेड्याहून सहकुटुंब आला, वीज केंद्रात नोकरीला आहे तो, येताना संत्र्याची बर्फी घेऊन आला. मी तर्री-पोहे केले. मास्तर मागे दाराशी उभे राहिले. मला वाटलं, कदाचित यांनी खरं तेच दाखवलं असेल. मूर्ख बाई मी.

प्रश्न आला. सांबार म्हणजे काय? आमच्या खोलीतल्या पोट्ट्यांनी एका सुरात ओरडून उत्तर दिलं. आणि पडद्यावर मास्तर. गप्प. घड्याळाची टिकटिक. कपाळावरून घाम ओघळतोय, नजर इकडून तिकडे भिरभिरतेय, ओठ कोरडे. टिकटिक मोठी होत गेली. मास्तरांनी आवंढा गिळला. मग तो भोंगा वाजला आणि सूत्रसंचालक हळहळला, "अरेरे! सर, तुमच्याच मातीतला शब्द!"

तो चेहरा मी ओळखला. तो त्या प्रश्नाच्या वेळचा नव्हताच. सकाळी कूलर बंद केले होते आणि त्यांचा आवाजवाला काही तरी जुळवत बसला होता, तेव्हाचा होता तो. मास्तरांना तहान लागली होती आणि ते प्रेक्षकांत मला शोधत होते, पाण्यासाठी. मी बाटली वर करून दाखवली होती. माझ्या नवऱ्याची तहान त्यांनी अडाणीपणा म्हणून विकली. चोट्टे कुठले!

मग प्रश्न पुढच्याकडे गेला. गांधीबागवाला. त्यानं थोडा विचार केला. मग बायकोकडे बघून हसला. मग म्हणाला, "कोथिंबीर." टाळ्या. खरंच छान दिसत होतं.

आमच्या खोलीत आधी हशा पिकला, मग एकेकाच्या लक्षात आलं की मास्तर मागे उभे आहेत. कोणी तरी पोह्यांची बशी खाली ठेवली. कूलरचा आवाज तेवढा राहिला. मी ओरडून ओरडून सांगत होते, असं नाही झालं, मी होते तिथं, त्यांनी हात वर केला होता. लोक ऐकत होते, माना हलवत होते. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "असं व्हय? मंग दाखवलं काहून नाही?" आणि माझ्या सख्ख्या भावानं, माझ्या पाठच्या भावानं, मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या ना भाऊजी. नाही आठवलं तं नाही आठवलं. होते असं कॅमेऱ्यापुढं."

मास्तरांनी त्याचा हात बाजूला केला नाही. एवढंच म्हणाले, "बर्फी खा."

त्यानंतर मी काय काय केलं ते सांगत नाही बसत. गांधीबागवाल्याला फोन केला. म्हटलं, दादा, तुम्ही होते, तुम्ही बोला. तो अगदी अदबीनं म्हणाला, "मॅडम, मले तं बा कोणी काही सांगतलं नव्हतं." आणि ठेवला. चॅनलला कळवलं, त्यांनी दखल घेतली नाही. तेव्हापासून लग्नाचा बस्ता असला तरी मी गांधीबागेत त्या गल्लीनं जात नाही. जे सगळे म्हणतात तेच मीही आता स्वतःला सांगते, की बायको आहे, ती नवऱ्याचीच बाजू घेणार.

तो तुकडा मोबाइलवर फिरला. खाली कोणी लिहिलं, 'हे शिकवतात आपल्या पोट्ट्यायले!' त्यांच्याच जुन्या विद्यार्थ्यांनी हसण्याच्या चित्रांची रांग लावली. ज्यांना तो आठवीतला तास आठवत होता त्यांना जास्तच मजा वाटली असेल. शाळा उघडली तेव्हा कोणी फळ्यावर कोथिंबिरीचं चित्र काढून ठेवलं होतं. मास्तरांनी ते पुसलं नाही, बाजूला शिकवलं. त्या वर्षी ते आठवीच्या वर्गात जुडी घेऊन गेले नाहीत. मी सकाळी निवडून, पाणी झटकून ओट्यावर ठेवली होती. ती तिथंच राहिली. निवृत्तीच्या समारंभात मुख्याध्यापकांनी लोकांना हसवावं म्हणून त्याच गोष्टीनं भाषणाची सुरुवात केली, आणि मास्तरही हसले. मी हसले नाही. मी शाल घेतली आणि बाहेर जाऊन उभी राहिले.

बाजारात त्या पोट्टीची आई भेटली होती एकदा. तीच, दारात बसलेली. थांबली, मला ओळखलं. म्हणाली, "बाई, मी पाह्यलं टीव्हीवर. मास्तरले येत होतं, मले माहीत आहे." माझे डोळे भरून आले. इतक्या लोकांत हिनं विश्वास ठेवला. तर पुढे म्हणाली, "पण आता ते कोणाले सांगणार?" आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन निघून गेली. तिच्या बोलण्यात दया होती का हिशोब चुकता केला तिनं, मला अजून ठरवता आलं नाही. मी हे मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर बोलली."

मला त्यांचाही राग येतो, लपवत नाही. तो एक शब्द, कोथिंबीर, बोलून टाकला असता तर काय आभाळ कोसळलं असतं का? गांधीबागवाल्यावर कोसळलं नाही. तो मजेत आहे, दुकानात आपला टीव्हीवरचा फोटो लावून बसला आहे. आपणच तेवढे धुतल्या तांदळाचे राहायचं, आणि ज्याला काही येत नाही असा माणूस म्हणून फिरायचं, हा कुठला न्याय? असं मी त्यांना तोंडावर बोलले आहे, अनेकदा. ते म्हणतात, "मी त्या पोट्टीचा पेपर घेतला होता वं."  पण राग जात नाही.

त्या दिग्दर्शकाचं वाक्य मात्र मी कधी विसरणार नाही. बोर्डाची परीक्षा नाही ही. अरे बाप्पा, बोर्डाच्या परीक्षेत पकडलेल्याला बाहेर काढतात तरी! इथं पकडणाराच बाहेर. आता टीव्हीवर कोणी गालाला बोट लावून विचार करताना दिसला की मला हेडफोनवाली दिसते, त्याच्या कानाशी वाकलेली. सगळं खोटंच असेल असं नाही. पण खरं कोणतं ते आता मला ओळखता येत नाही, आणि माझी पाहण्याची मजा गेली ती गेलीच. मास्तर तर बघतच नाहीत. पूर्वी पेपरातलं शब्दकोडं सोडवताना मोठ्यानं उत्तरं द्यायचे. आता मनात सोडवतात, की सोडवतच नाहीत, कोण जाणे. घरात लाइट गेली आणि कूलर बंद पडला की दोघंही एकमेकांकडे बघत नाही. लाइट येईपर्यंत काही तरी काम काढतो.

परवा बुधवारच्या बाजारात गेलो होतो. मीच ओढून नेलं, नाही तर ते भाजीला येत नाहीत. तिथले जुने भाजीवाले वाईट नाहीत, पण मास्तरांना पाहिलं की "घ्या मास्तर, हा सांबार व्हय बरं!" म्हणून आवाज टाकतात. गंमत म्हणून. म्हणून मी त्यांना कडेच्या रांगेत घेऊन गेले, जिथं खेड्यावरच्या बाया सकाळच्या बसनं येऊन बसतात. ऊन मी म्हणत होतं. उन्हाळ्यात पालेभाजी टिकत नाही, तासाभरात माना टाकते. एक म्हातारी ओल्या पोत्याखाली काही तरी झाकून बसली होती. वास बाहेर येत होता. तो वास पोत्याखाली लपत नाही.

मास्तर तिच्यासमोर वाकले. म्हणाले, "बाई, कोथिंबीर द्या एक जुडी."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. जन्म नागपुरात गेला, त्यांच्या तोंडून हा शब्द फक्त पुस्तक वाचताना आला होता.

म्हातारीनं डोळ्यांवर हात धरला. "काय म्हनता जी?"

"कोथिंबीर."

"ते नाही जी माह्यापाशी," ती म्हणाली. तिनं पोतं बाजूला केलं. हिरवागार, पाणी निथळणारा ढीग होता. "सांबार हाये. ताजा हाये. देऊ?"

मास्तर त्या ढिगाकडे पाहत उभे राहिले. कपाळावरून घाम ओघळत होता, ओठ कोरडे होते. हा चेहरा मी एकदा पाहिला आहे, साऱ्या महाराष्ट्रानं पाहिला आहे. फरक इतकाच की या वेळी मी बाटली वर करून दाखवली असती तरी त्यांना दिसली नसती.

"नाही," ते म्हणाले. "राहू द्या."

आम्ही घरी आलो. मी वांग्याची भाजी केली. वरून काही घातलं नाही.